सीपायथॉनच्या सोर्समध्ये पहिल्यांदा हात घालताना

पायथॉन वापरणारे आता गल्लोगल्ली सापडतात, पण ज्या सी प्रोग्रॅमच्या जोरावर ते पायथॉन चालतं त्याच्या पोटात डोकावणारे फार कमी. आणि डोकावलेच तरी बरेच जण पहिल्याच पीआरला, म्हणजे 'माझा बदल घ्या' म्हणून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टला, गळतात. सी येत नाही म्हणून नाही, तर आपल्या लॅपटॉपवर झकास चाललेला कोड विंडोजवर का आपटला हेच कळत नाही म्हणून. माझं अगदी असंच झालं होतं, सगळ्या टेस्ट हिरव्या बघून मी खुशीत पीआर टाकला, चहा करून परत येते तर सहा लाल फुल्या, म्हणजे सहा आपोआप होणाऱ्या तपासण्या नापास. त्यातली एकही चूक अवघड नव्हती, फक्त कुणी आधी सांगितलं नव्हतं. ते सगळं इथे सांगते.

कमांड मी फोनवर सांगावं तशा लिहिल्यात, टाईप तुम्ही इंग्रजीतच करणार हे उघड आहे.

आधी हे ठरवा की कुणाकुणासाठी लिहिताय

सीपायथॉन म्हणजे मूळ इंटरप्रिटर, गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरमध्ये लिहायला घेतलेला, पहिलं रिलीज १९९१ चं. एवढ्या वर्षांत सोर्स सीव्हीएस, सबव्हर्जन, मर्क्युरिअल असं घर बदलत बदलत २०१७ मध्ये गिटहबवर आलं आणि इश्यू, म्हणजे बग आणि सूचनांच्या नोंदी, २०२२ मध्ये आल्या. कोड एकच, पण तो लिनक्सवर, विंडोजवर, मॅकवर, फोनवर आणि ब्राउझरबाहेरच्या वेबअसेंब्लीवरही बिल्ड व्हायला लागतो.

यातलं कुठलं मोडलं तर किती आरडाओरडा होणार हे पेप ११ मध्ये लिहून ठेवलंय, पेप म्हणजे पायथॉनचे नंबर दिलेले अधिकृत प्रस्ताव. तिथे तीन टिअर म्हणजे पायऱ्या आहेत. पहिल्या टिअरमध्ये ६४-बिट इंटेलवरचं लिनक्स, विंडोज, ॲपलच्या नव्या चिपवरचं मॅक वगैरे, हे मोडलं तर रिलीजच थांबतं. दुसऱ्या टिअरला किमान दोन कोअर डेव्हलपर, म्हणजे मर्ज करायचा हक्क असलेले लोक, जबाबदार असावे लागतात, वाझी म्हणजे ब्राउझरबाहेरची वेबअसेंब्ली तिथे आहे. तिसऱ्याला एक पुरतो, अँड्रॉइड आणि आयओएस ३.१३ पासून तिथे आले, एस३९० एक्स नावाचं आयबीएमचं मेनफ्रेमही तिथेच आहे आणि ते लक्षात ठेवा कारण पुढे ते परत येणारे.

ज्याला वाली नाही ते प्लॅटफॉर्म काढूनही टाकतात. ओएस/२ चा कोड ३.४ मध्ये गेला, विंडोज ७ ला ३.९ पासून रामराम. म्हणून कोडात एखाद्या जुन्यापान्या सिस्टिमसाठी इफडेफ, म्हणजे तिथेच कंपाइल होणारा तुकडा, दिसला तर लगेच 'साफसफाई करू' म्हणून उडवू नका, आधी पेप ११ बघा आणि इश्यूवर विचारा. पण तो खरंच मेलेला असेल तर काढून टाकणं हे नवख्या माणसासाठी फार छान पहिलं काम आहे हेही खरं.

सोर्स आणा आणि बिल्ड करा

गिटहबवर फोर्क करा, आपला फोर्क क्लोन करा, मूळ रेपो अपस्ट्रीम नावाने जोडा, आणि मेन या मुख्य ब्रँचवर काहीही न करता नवीन ब्रँच काढा. हे सगळीकडे सारखंच आहे, यावर वेळ घालवत नाही.

लिनक्सवर असाल तर डॉट स्लॅश कॉन्फिगर, पुढे डबल डॅश विथ पायडिबग, आणि मग मेक, डॅश जे आणि तुमचे जितके कोअर असतील तो आकडा. पायडिबग विसरायचं नाही. तो लावला की कोडातले असर्ट, म्हणजे 'हे असंच असायला हवं' अशा तपासण्या, जागे होतात आणि एकूण किती रेफरन्स धरलेत ते मोजलं जातं, म्हणजे चूक झाली तर इंटरप्रिटर तिथल्या तिथे ओरडतो, नाहीतर तो गुपचूप पुढे जातो आणि तीन दिवसांनी कुठेतरी भलतीकडेच क्रॅश होतो. बिल्डच्या शेवटी 'अमुक मॉड्युल बनवता आली नाहीत' अशी यादी येते, त्याने घाबरू नका, ओपनएसएसएल, एसक्युलाइट, एलएझेडएमए असल्या लायब्रऱ्यांच्या डेव्ह पॅकेजेस नसल्या की ती येते. हवी ती पॅकेजेस टाका, परत कॉन्फिगर करा.

मॅकवर एक्सकोडची कमांड लाईन टूल्स टाका, होमब्रूमधून ओपनएसएसएल घ्या, बाकी लिनक्ससारखंच. एक गंमत मात्र आहे. बिल्ड संपलं की तुम्ही डॉट स्लॅश पायथॉन मारणार आणि ते म्हणणार ही डिरेक्टरी आहे. मी अर्धा तास डोकं खाजवलं होतं. झालं असं की मॅकची फाईल सिस्टिम सहसा कॅपिटल आणि स्मॉल अक्षरात फरक करत नाही, आणि सोर्समध्ये कॅपिटल पी वालं पायथॉन नावाचं फोल्डर आधीच आहे, मग स्मॉल पी वाली पायथॉन नावाची फाईल ठेवायची कुठे? म्हणून मॅकवर बनलेल्या प्रोग्रॅमचं नाव असतं पायथॉन डॉट ईएक्सई! मॅकवर ईएक्सई बघून हसू येतं पण ते मुद्दाम केलेलं आहे. आणि यातूनच पहिला नियम घ्या, फक्त अक्षराच्या लहानमोठेपणाने वेगळ्या असणाऱ्या दोन फाईली कधी बनवू नका, लिनक्सवर त्या सुखाने नांदतील आणि बाकीच्यांकडे एकमेकींना खातील.

विंडोजवर कॉन्फिगर नाही, मेक नाही. व्हिज्युअल स्टुडिओ टाकायचा, फुकटवाला कम्युनिटी एडिशन चालतो, फक्त सी प्लस प्लसची टूल्स निवडायला विसरू नका. मग पीसीबिल्ड फोल्डरातली बिल्ड डॉट बॅट, डॅश डी लावून. पहिल्यांदा ती ओपनएसएसएल, टीके वगैरे नेटवरून खाली ओढते म्हणून वेळ लागतो, मोबाईल डेटावर असाल तर थांबा. बिल्ड झालं की वरच्याच फोल्डरात पायथॉन डॉट बॅट तयार होते, तीच वापरायची, म्हणजे चुकून आधीपासून इन्स्टॉल असलेलं पायथॉन चालवून 'माझा बदल दिसतच नाही' असं होत नाही.

विंडोज मशीन नाहीये? चालेल, गिटहबवर पीआर टाकला की तिथल्या मशिनी विंडोजवर बिल्ड करून देतात. पण दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं थांबून एक सेमीकोलन दुरुस्त करणं म्हणजे अंत बघणं असतं, म्हणून मी भावाचा जुना लॅपटॉप ढापला. कुणाचा मिळाला तर बघा.

कुठे काय आहे

भाषेचं मूळ, म्हणजे कंपायलर, बाईटकोड चालवणारं इव्हॅल्युएशन लूप, जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप) वगैरे पायथॉन फोल्डरात. लिस्ट, डिक्ट, स्ट्रिंग हे ऑब्जेक्ट्स फोल्डरात. सीमध्ये लिहिलेली मॉड्युल्स मॉड्युल्समध्ये, पायथॉनमध्ये लिहिलेली लिबमध्ये आणि टेस्ट लिबच्या आत टेस्टमध्ये. हेडर इन्क्लूडमध्ये, तिथेही तीन मजले आहेत, सगळ्यांसाठी, फक्त सीपायथॉनवर अवलंबून राहणाऱ्यांसाठी, आणि इंटर्नल म्हणजे घरातल्यांसाठी. पीसी आणि पीसीबिल्ड विंडोजचे, मॅक मॅकचं. एवढं पुरे, बाकी फिरता फिरता कळतं.

एक फाईल मात्र एकदा उघडून बघाच, मॉड्युल्समधली पॉझिक्समॉड्युल डॉट सी. पंधरा हजारांहून जास्त ओळींची ही फाईल. नाव पॉझिक्स, पण विंडोजवर हीच फाईल एनटी नावाचं मॉड्युल म्हणून बिल्ड होते. आपण पायथॉनमध्ये ओएस मॉड्युल वापरतो ना, त्याच्या खाली हीच. वीस प्लॅटफॉर्म एका फाईलमध्ये कसे राहतात, कुठे भांडतात, हे सगळं तिथे दिसतं, वाचायला सुंदर नाही पण शिकायला याहून चांगली जागा नाही.

बदल करण्याआधी टेस्ट चालवा

आधी, नंतर नाही. डॉट स्लॅश पायथॉन, डॅश एम टेस्ट, डॅश जे शून्य. म्हणजे जितके कोअर तितक्या टेस्ट एका वेळी. काही आधीपासूनच पडत असतील तर त्या लिहून ठेवा, नाहीतर नंतर दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्याल. सीमध्ये बदल असेल तर त्या एका टेस्टला डॅश कॅपिटल आर, तीन कोलन तीन असंही चालवा, रेफरन्स गळतोय का, म्हणजे घेतलेला सोडायचा राहिलाय का, ते कळतं.

सीमधले खड्डे

आता खरं काम. इथे घाई करू नका.

सगळ्यात जुना खड्डा म्हणजे लाँग. ६४-बिट लिनक्सवर आणि मॅकवर लाँग आठ बाईटचा, ६४-बिट विंडोजवर चार बाईटचा. विश्वास नसेल तर दोन्हीकडे पायथॉन उघडा, स्ट्रक्ट मॉड्युलच्या कॅल्कसाईझला स्मॉल एल द्या, एकीकडे ८ येईल एकीकडे ४. म्हणजे तुम्ही फाईलची साईझ किंवा लिस्टची लांबी लाँगमध्ये ठेवली तर विंडोजवर २१४७४८३६४७ च्या पुढे सगळा आनंद, २ जीबीपेक्षा मोठी फाईल आली की आकडा उलटा होतो. म्हणून लांबी किंवा इंडेक्स असेल तर पाय-एसएसाईझ-टी, हा प्रकार पेप ३५३ मधून पायथॉन २.५ मध्ये आला तो याचसाठी. फाईलमधल्या जागेसाठी पाय-ऑफ-टी. लाँग दिसला की मी आता आपोआप संशय घेते, रिव्ह्यू करणारेही घेतात.

दुसरा खड्डा आपल्याला, म्हणजे मराठी लिहिणाऱ्यांना, चटकन समजेल असा आहे. सीमधला साधा कॅर साइन्ड की अनसाइन्ड हे सीने ठरवलेलंच नाही, कंपायलरवर सोडलंय. इंटेलवर साइन्ड. एआरएमच्या लिनक्सवर, म्हणजे रास्पबेरी पायवर वगैरे, अनसाइन्ड. ॲपलच्या एआरएमवर परत साइन्ड. इंग्रजी अक्षरांना याने काही फरक पडत नाही कारण ती सगळी १२७ च्या आत. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं कुठलंही अक्षर घ्या, 'क' घ्या, 'ळ' घ्या, तीन बाईट लागतात आणि पहिला बाईट नेहमी २२४ असतो. तो साइन्ड कॅरमध्ये ठेवला की होतो उणे ३२. आता हा उणे ३२ तुम्ही इझअल्फा या सी फंक्शनला दिला, किंवा टेबलचा इंडेक्स म्हणून वापरला. लिनक्सवर कदाचित काहीच होणार नाही, नशीब. विंडोजच्या डिबग बिल्डमध्ये रनटाईम तिथेच असर्ट मारून थांबतं. आणि टेबलच्या बाबतीत तर तुम्ही टेबलच्या मागची भलतीच मेमरी वाचताय. म्हणजे एबीसीडीवर टेस्ट केलेला कोड 'कमळ' आलं की मरतो.

उपाय सीपायथॉनमध्ये तयार आहेत. पाय-कॅरमास्क नावाचा मॅक्रो बाईटला ० ते २५५ मध्ये आणतो, आणि पाय-इझअल्फा, पाय-इझडिजिट असे मॅक्रो आहेत जे लोकेलकडे, म्हणजे मशीनच्या भाषेच्या सेटिंगकडे, बघत नाहीत आणि मास्क स्वतःच लावतात. सीची लायब्ररीवाली फंक्शन्स शक्यतो सोडाच. आणि टेस्टमध्ये एक तरी मराठी शब्द टाकत जा, फुकटात चांगली टेस्ट होते.

डब्ल्यूकॅर-टी, म्हणजे सीमधला रुंद कॅर, हा त्याचाच चुलतभाऊ. विंडोजवर दोन बाईट, लिनक्सवर चार. देवनागरी दोनात बसते म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण इमोजी बसत नाही, विंडोजवर त्याला दोन जागा लागतात आणि लिनक्सवर एक. पायथॉनची स्वतःची स्ट्रिंग या भानगडीतून ३.३ मध्ये सुटली, पेप ३९३ नंतर ती अक्षराप्रमाणे एक, दोन किंवा चार बाईट वापरते आणि 'क्षि' ची लांबी सगळीकडे ४ येते, क, हलन्त, ष आणि वेलांटी. पण ओएसला पाथ देताना किंवा कमांड लाईनवरून घेताना डब्ल्यूकॅर मधे येतोच, तिथे 'एक डब्ल्यूकॅर म्हणजे एक अक्षर' असं धरून लूप लिहू नका.

बाईट ऑर्डर. आपल्या आसपासची जवळजवळ सगळी मशिनी लिटल एंडियन, म्हणजे आकड्याचा सगळ्यात लहान किमतीचा बाईट आधी ठेवणारी, म्हणून चार बाईटचा आकडा मेमकॉपी करून फाईलमध्ये टाकला की परत वाचता येतो आणि वाटतं झालं काम. ते मेनफ्रेम आठवतंय ना, एस३९० एक्स, ते बिग एंडियन, म्हणजे नेमकं उलट. तिथे तुमचा १ वाचताना १६७७७२१६ होतो. हा आकडा एकदा पाठ करून ठेवा, कुठल्याही लॉगमध्ये १६७७७२१६ दिसला आणि तुम्हाला १ अपेक्षित होता तर दुसरं काही शोधत बसायची गरज नाही.

एरर कुठून घ्यायची हेही वेगळं. युनिक्सच्या कॉलनंतर एररनो आणि पायएरर सेट फ्रॉम एररनो. विंडोजच्या स्वतःच्या एपीआयनंतर गेटलास्टएरर आणि त्याचं वेगळं फंक्शन. मी एकदा विंडोजच्या ब्रँचमध्येही एररनो वापरला आणि मेसेज आला तो आधीच्या कुठल्यातरी कॉलचा शिळा, 'फाईल सापडत नाही', आणि फाईल समोर दिसतेय. दोन संध्याकाळी गेल्या.

इफडेफ लिहायची वेळ आली की

नवखा माणूस लिहितो, लिनक्स असेल तर हे कर, मॅक असेल तर ते कर. मग फ्रीबीएसडीवाला येतो, त्याच्याकडे ते फंक्शन आहे पण तुमच्या यादीत तो नाही. म्हणून ओएसचं नाव विचारायच्या ऐवजी गोष्ट आहे का ते विचारायचं. कॉन्फिगर स्क्रिप्ट बिल्डच्या वेळी एकेक फंक्शन शोधते आणि सापडलं की पायकॉन्फिग डॉट एच मध्ये हॅव्हने सुरू होणारा मॅक्रो टाकते, हॅव्ह फोर्क, हॅव्ह डप३ असे. कोडात तो तपासा. विंडोज खरंच वेगळं जग आहे, तिथे एमएस-विंडोज हा मॅक्रो वापरायला हरकत नाही.

नवीन फंक्शन तपासायचं असेल तर कॉन्फिगर डॉट एसी मध्ये यादीत नाव घाला. कॉन्फिगर ही फाईल हाताने कधीच बदलायची नाही, ती हजारो ओळींची फाईल ऑटोकॉन्फ बनवतो. आणि इथे मी जी माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नका. मी माझ्या उबुंटूवरचा ऑटोकॉन्फ चालवला, त्याचं व्हर्जन वेगळं होतं, झालं, माझ्या एका ओळीच्या बदलाचा डिफ काही हजार ओळींचा. रिव्ह्यू करणाऱ्याने शांतपणे विचारलं, हे काय आहे. टूल्स फोल्डरात बिल्डच्या आत रिजेन-कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट आहे, ती कंटेनरमध्ये ठरलेलं व्हर्जन चालवते. डॉकर किंवा पॉडमन टाका आणि तीच वापरा.

कॉन्फिगर विंडोजवर चालतच नाही हे आधी म्हटलंच, मग तिथल्या पायकॉन्फिगचं काय? ती पीसी फोल्डरात हाताने लिहिलेली आहे. तुमचा नवा मॅक्रो विंडोजलाही लागू असेल तर तिथेही हातानेच घाला.

मॅकवाल्यांचा एक वेगळाच पेच आहे. पायथॉनचा मॅक इन्स्टॉलर नव्या मॅकवर बिल्ड होतो पण जुन्या मॅकवरही चालायला हवा असतो. कॉन्फिगर म्हणतो फंक्शन आहे, कारण बिल्ड करणाऱ्या मशीनवर आहेच, पण ज्याच्याकडे तो चालणार त्याच्याकडे नसेल तर? म्हणून पॉझिक्समॉड्युलमध्ये काही हॅव्ह मॅक्रोंच्या शेवटी रनटाईम असं शेपूट दिसेल, ते चालताना परत विचारतात. त्या भागात काही घालायचं असेल तर शेजारच्या फंक्शनने कसं केलंय ते बघून तसंच करा, स्वतःची अक्कल लावू नका, मी लावली होती.

नवीन सी फाईल घातली तर

हा सगळ्यात जास्त होणारा घोळ. फाईल बनवली, मेकफाईल डॉट प्री डॉट इन मध्ये नाव टाकलं, लिनक्सवर बिल्ड झालं, मॅकवर झालं. विंडोजवर लिंकर बोंबलतो, अनरिझॉल्व्ह्ड एक्सटर्नल सिम्बॉल. कारण व्हिज्युअल स्टुडिओला मेकफाईल वाचता येत नाही, त्याची स्वतःची यादी पीसीबिल्डमध्ये पायथॉनकोअर डॉट व्हीसीएक्सप्रोज या फाईलमध्ये आहे. तिथेही नाव घाला, आणि तिच्या शेजारच्या फिल्टर्सवाल्या फाईलमध्येही. एक्सएमएल आहे, हाताने लिहिता येतं, वरची ओळ कॉपी करा, नाव बदला, व्हिज्युअल स्टुडिओ उघडायचीही गरज नाही. हेडर असेल तरी तेच. बिल्ट-इन मॉड्युल असेल तर पीसीमधली कॉन्फिग डॉट सी पण.

त्या एक्सएमएल आणि बॅट फाईलींच्या ओळी विंडोज पद्धतीने संपतात, आणि गिटॲट्रिब्यूट्स फाईल ते सांभाळते. तुमचा एडिटर सगळ्या ओळींचे शेवट बदलून टाकत असेल तर ते बंद करा. काही टेस्टच्या डेटा फाईलींना तर गिटने हातच लावायचा नाही असं लिहिलेलं आहे, कारण त्यातला एकेक बाईट मोजून ठेवलाय.

टेस्ट लिहिताना

एक छोटी टेस्ट बघा. टेम्पररी फाईल उघडली, त्यात काही लिहिलं, परत वाचलं, शेवटी फाईल डिलीट केली. क्लोज करायचं राहिलं. लिनक्सवर उघडी फाईल बिनधास्त डिलीट होते, टेस्ट हिरवी. विंडोजवर परमिशनएरर, विनएरर ३२, फाईल दुसऱ्या प्रोसेसकडे आहे. ती 'दुसरी' प्रोसेस तुम्हीच. विथ वापरून उघडा, प्रश्न मिटला. पहिल्या पीआरच्या माझ्या सहा फुल्यांपैकी दोन याच होत्या.

वेळेवर अवलंबून टेस्ट लिहू नका. दहा मिलिसेकंद झोप आणि मग घड्याळ पुढे गेलंय का बघ, असं लिहिलं तर विंडोजवर कधी पास कधी फेल, कारण तिथलं जुनं घड्याळ साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने सरकतं. ३.१३ पासून पायथॉनचं मोनोटॉनिक घड्याळ तिथे जास्त बारीक झालंय, पण तुमचा फिक्स जुन्या ब्रँचवरही जाणार असतो, आणि शिवाय बिल्डबॉटांमध्ये, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या वेगळ्या मशिनींमध्ये, काही मशिनी इतक्या हळू आहेत की त्यांच्यावर 'पाच सेकंदात होईलच' हेही धरता येत नाही.

फाईल उघडताना एन्कोडिंग लिहा, यूटीएफ-८ असं स्पष्ट. नाहीतर ३.१४ पर्यंतच्या पायथॉनमध्ये विंडोज आपलं जुनं कोडपेज लावतं आणि तुमच्या त्या मराठी शब्दाचं भरीत होतं.

वाझीवर फोर्क नाही, सबप्रोसेस नाही, थ्रेडही नाहीत, आणि ते ३२-बिट आहे. म्हणून टेस्ट डॉट सपोर्टमध्ये रिक्वायर्स सबप्रोसेस, रिक्वायर्स फोर्क असे डेकोरेटर आहेत, ते लावा. आणि सिस-प्लॅटफॉर्म तपासत असाल तर ६४-बिट विंडोजवरही तो विन३२ च सांगतो, ते चूक नाही, जुनी सवय आहे.

पीआर टाका

शीर्षकाच्या सुरुवातीला जीएच, डॅश, इश्यूचा नंबर, कोलन. पहिल्यांदा असेल तर बॉट सीएलए, म्हणजे तुमचा कोड वापरायला परवानगी देणारा करार, सही करायला सांगतो, दोन मिनिटांचं काम. बातमीची नोंद, म्हणजे नव्या बदलांच्या यादीत जाणारी, ब्लर्ब नावाच्या टूलने घाला, एक-दोन वाक्यं, वापरणाऱ्याला समजतील अशी. सीमधल्या फंक्शनची आर्ग्युमेंट बदलली असतील तर मेक क्लिनिक (आर्ग्युमेंट वाचणारा कोड बनवणारं टूल) चालवून बनलेल्या फाईलीही कमिट करा, सीआय म्हणजे पीआरवर आपोआप चालणारी तपासणी ते बघते आणि शिळ्या सापडल्या तर लाल करते.

फोर्स पुश करू नका. मर्ज करताना सगळे कमिट एकत्र दाबले जातात, त्यामुळे तुमची ब्रँच अस्ताव्यस्त असली तरी चालते, पण फोर्स पुशने रिव्ह्यू करणाऱ्याला मागच्या वेळेपासून काय बदललं ते दिसत नाही आणि तो वैतागतो.

लाल फुली आली तर आधी लॉग उघडा आणि खालून वर वाचा. बऱ्याचदा एकच एरर असते, बाकी तिचे नातेवाईक. तुमच्या बदलाशी काहीच संबंध नसलेली टेस्ट पडली असेल तर तसं कॉमेंटमध्ये लिहा आणि परत चालवायला सांगा, पण हे खात्री करूनच, 'माझ्याकडे चालतंय' हे वाक्य तिथे कुणी ऐकून घेत नाही.

गिटहबवरच्या मशिनी काही सगळ्या प्रकारच्या नाहीत. म्हणून वेगळे बिल्डबॉट आहेत, बरेचसे स्वयंसेवकांनी आपापल्या मशिनी देऊन चालवलेले, तिथे पॉवरपीसी, फ्रीबीएसडी, एस३९० एक्स असं सगळं आहे. तुमचा बदल मेमरी किंवा बाईट ऑर्डरशी खेळत असेल तर कोअर डेव्हलपरला विनंती करा, ते लेबल लावून मर्जच्या आधीच बिल्डबॉट चालवू शकतात. मर्ज झाल्यावर एखादा बिल्डबॉट लाल झाला आणि साधारण दिवसभरात दुरुस्ती जमली नाही तर बदल मागे घेतला जातो. त्यात अपमान वाटून घेऊ नका, मागे घेतलेला बदल दुरुस्त करून परत टाकता येतो, आणि तोपर्यंत बाकीच्यांचं काम अडत नाही.

जुन्या ब्रँच

पेप ६०२ पासून दर वर्षी ऑक्टोबरमध्ये नवं व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला एकूण पाच वर्षं सांभाळतात, सुरुवातीची काही बगफिक्ससाठी, उरलेली फक्त सुरक्षेसाठी. नवीन सोय असेल तर ती मेनवरच राहते. बगफिक्स मात्र चालू ब्रँचवर न्यायचा असतो. मर्ज करणारा बॅकपोर्टचं, म्हणजे बदल जुन्या ब्रँचवर नेण्याचं, लेबल लावतो, बॉट आपोआप पीआर बनवतो, आणि कॉन्फ्लिक्ट आला तर तुम्हालाच टॅग करून सांगतो की बाबा तूच बघ.

तेव्हा चेरी-पिकर हे टूल वापरा, ते थांबेल, तुम्ही फाईली नीट करा, मग त्यालाच कंटिन्यू सांगा. आणि कॉन्फ्लिक्ट बहुतेक वेळा तुमच्या सी कोडात नसतो. तो असतो कॉन्फिगरमध्ये, क्लिनिकने बनवलेल्या फाईलीत, किंवा व्हीसीएक्सप्रोजमध्ये. बनवलेल्या फाईली हाताने जोडत बसू नका, त्या ब्रँचवरचीच टूल्स चालवून नव्याने बनवा, कारण जुन्या ब्रँचचा ऑटोकॉन्फही जुना असू शकतो. व्हीसीएक्सप्रोज तेवढी हाताने बघा, आणि ती सेव्ह केल्यावर ओळींचे शेवट परत एकदा तपासा.